तुमचं नाव तुम्ही सांगा

“यादी बरोबर आहे ना, तांदळे?”

बर्गेसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारत होते. आधीही त्यांनी विचारलं होतं, तेव्हा मी “बघतो” म्हणालो होतो. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडद्यावर पाच नंबर होते आणि मांडीवर माझ्याच हातची जुनी यादी होती. पाचही नंबर यादीत होते. फक्त ‘हो’ म्हणायचं आणि कामाला लागायचं.

“पेशंट सकाळपासून वर बसलेत,” ते म्हणाले. “तुमच्या मिसेसही आहेत त्यात.”

“माहितेय मला.”

“मग?”

“पाणी पिऊन येतो,” मी म्हणालो आणि उठलो. तळघरातल्या त्या खोलीत एसी कायम चालू असतो, पण माझी बोटं त्यामुळे गार पडली नव्हती.

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते कॅन्सरचं हॉस्पिटल होतं, एका ट्रस्टचं. तळघरात एक लोखंडी कपाट होतं, त्यात ओळीनं डिस्क बसवलेल्या. लॅबचा सर्व्हर, औषधांचा, सीटी स्कॅनचा, बिलांचा आणि रेडिएशनचा, असे पाच सर्व्हर आपापली माहिती त्या एकाच कपाटात ठेवायचे. कपाटाला एक कंट्रोलर असतो. तो दारावरचा राखणदार. कुठल्या सर्व्हरनं कुठल्या डिस्कपाशी जायचं ते तो ठरवतो. पण तो सर्व्हरला तोंडावरून ओळखत नाही. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक कार्ड असतं आणि त्या कार्डावर कारखान्यातच घातलेला लांबलचक नंबर असतो. कंट्रोलरला तेवढाच दिसतो. मग आम्ही त्या नंबरला एक नाव देतो, त्या मशीनवर कुठली सिस्टीम चालते ते सांगतो, आणि कुठल्या डिस्क दाखवायच्या ते सांगतो. याला कनेक्शन म्हणतात. हेच माझं पोट भरायचं काम. बँका, साखर कारखाने, हॉस्पिटलं, सगळीकडे मी हेच करत फिरायचो.

आदल्या दिवशी, रविवारी, वळवाचा पाऊस झाला आणि वीज पडून कंट्रोलर जळाला. डिस्क शाबूत होत्या. पुण्याहून नवा कंट्रोलर आला, तो मी सकाळी बसवला. पण नवा राखणदार कुणालाच ओळखत नाही. त्यानं समोर आलेल्या पाच नंबरांना स्वतःच ‘नवीन एक’, ‘नवीन दोन’ अशी नावं लावून टाकली होती. त्यांना खरी नावं देणं माझ्याकडे होतं.

यात चूक झाली तर काय होतं? बिलांचा सर्व्हर विंडोजवर चालायचा. विंडोजला अनोळखी डिस्क दिसली की ती त्याला कोरी वाटते. तो विचारतो, ही डिस्क वापरायला तयार करू का? समोरचा माणूस घाईत असला की ‘हो’ दाबतो. रेडिएशनची डिस्क दुसऱ्या सिस्टीमची होती. ती चुकून बिलांच्या सर्व्हरला दिसली आणि कुणी ‘हो’ दाबलं की आतलं सगळं गेलं. आत काय होतं? प्रत्येक पेशंटचा प्लॅन. कुठल्या कोनातून, किती वेळ, किती किरण द्यायचे याचं गणित. एकेक प्लॅन तयार करायला डॉक्टरांना आठ-दहा दिवस लागायचे. प्लॅनशिवाय मशीन सुरूच होत नाही. टेपवर प्रत ठेवायची सोय होती, पण टेपचं यंत्र बिघडून पडलं होतं. शेवटची प्रत होती तिच्यानंतर बरेच पेशंट आले होते. माझी बायको शैलजा त्यातलीच.

तिच्या छातीत गाठ होती. ऑपरेशन झालं होतं आणि रोजचं रेडिएशन चालू होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, शनिवार-रविवार सुट्टी असते तेवढीच, मध्ये आणखी खाडे नकोत.

मी वर गेलो. रेडिएशनच्या दारासमोर लांब व्हरांडा होता आणि भिंतीला लागून बाकं. शैलजा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मांडीवर मुलांच्या वह्या घेऊन ती तपासत बसली होती. शेजारी हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, आटपाडीकडची. रोजच्या येण्याजाण्यानं दोघींचं चांगलं जमलं होतं.

“झालं का हो?” शैलजानं विचारलं.

“नाही अजून.”

“मग तोंड असं का? गणिताच्या पेपराला बसल्यासारखं.”

हौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “ह्ये तुमचं मालक व्हय? मशीन ह्यांनीच बंद पाडली म्हनं.”

“ह्यांनी नाही मावशी, विजेनं पाडली. हे दुरुस्त करतात.”

“मग करा की वो बिगीबिगी. माझी शेवटची येष्टी गेली तर हितं कुनाच्या दारात झोपू?”

“माझ्या,” शैलजा म्हणाली. “ह्यांना बाहेर झोपवू आपण.”

म्हातारी तोंडावर पदर धरून हसली. मी हसलो नाही, तेव्हा शैलजानं लाल पेन वहीत घातलं आणि वही मिटली.

“काय झालंय?”

“माझ्याकडे यादी आहे. कुठला नंबर कुठल्या सर्व्हरचा. सगळे नंबर जुळतायत.”

“मग चांगलंय की.”

“यादी दोन वर्षांपूर्वीची आहे. कपाट बसवलं तेव्हाची.”

“मधे काही बदललंय का?”

“घोलप मॅडम म्हणतात नाही. बर्गे म्हणतात नाही.” घोलप मॅडम हॉस्पिटलचं कॉम्प्युटर खातं बघायच्या, बर्गे प्रशासक.

“आणि तुम्ही?”

“मलाही वाटतं की नसावं.”

“आणि असलं तर?”

मी हौसाबाईंकडे बघून आवाज खाली घेतला. “तर सगळ्यांचे प्लॅन जातील. तुझाही. परत स्कॅन, परत खुणा, परत सगळं.”

तेवढ्यात दार उघडलं आणि इरफान बाहेर आला. इरफान मुजावर तिथला टेक्निशियन. मशीन बंद होतं म्हणून तो पेशंटच्या अंगावरच्या शाईच्या खुणा पुन्हा गडद करून घेत होता. किरण नेमके कुठे टाकायचे त्याच्या त्या खुणा. उन्हाळ्यात घामानं पुसट व्हायच्या.

“पुढचे या. तुमचं नाव सांगा,” तो म्हणाला.

“मीच की रं,” हौसाबाई उठत म्हणाल्या. “रोज तर बघतोयास मला.”

“बघतोय मावशी. तरी सांगा.”

“हौसाबाई ज्ञानू लोखंडे.”

“गाव?”

“झरे. आता बापाचं नाव बी सांगू का?”

“ते नको. या आत.”

दार लागलं. शैलजा म्हणाली, “बघितलंत? तो कधी ‘तुम्ही हौसाबाई ना’ असं विचारत नाही. मी एकदा विचारलं त्याला, रोजच्या माणसाला कशाला रे छळतोस? तर म्हणाला, पूर्वी मी नाव पुकारायचो. एकदा शांताबाई म्हणून हाक मारली आणि भलतीच बाई उठून आत गेली. टेबलावर झोपली. तुम्ही शांताबाई ना, विचारलं, तर हो म्हणाली. खुणा जुळेनात म्हणून कळलं, नाहीतर दुसरीचे किरण हिला बसले असते. मग तिला विचारलं, बाई, तुम्ही हो का म्हणालात? तर म्हणाली, मला वाटलं तुमास्नी ठावं असंल.”

ती हसली, पण लगेच थांबली. “घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. म्हणून नाव आपण सांगायचं नाही. त्याला सांगायला लावायचं.”

मी उभा राहिलो.

“आता काय?”

“उशीर होईल,” मी म्हणालो. “खूप. आजचा दिवस जाईलसुद्धा.”

तिनं बंद दाराकडे बघितलं. मग वही उघडली आणि लाल पेनचं टोपण काढलं.

“जाईना,” ती म्हणाली. “पण नीट करा.”

खाली आलो तर बर्गेसाहेब माझ्याच खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले.

“प्यालात पाणी? आता सांगा. यादी बरोबर आहे ना?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे? यादी तुमची, अक्षर तुमचं. ही नद्यांची नावंसुद्धा तुम्हीच दिलेली.”

ते खरं होतं. त्या काळी आम्हा इंजिनियर लोकांत असली नावं द्यायची हौस होती. कुणी ग्रहांची द्यायचं, कुणी पक्ष्यांची. मी नद्या घेतल्या होत्या. लॅबला कृष्णा, औषधांना कोयना, सीटीला वारणा, बिलांना येरळा. रेडिएशनला माण, कारण शैलजाचं माहेर माणकाठचं. तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. नुसती एक गंमत म्हणून दिलं होतं.

“पाचही सर्व्हर बंद करू,” मी म्हणालो. “सगळ्या वायरी काढू. मग एकेकाला एकट्याला जोडायचं. कंट्रोलरला त्या वेळी जो नंबर दिसेल तो त्याचा, यादी काहीही म्हणो. कुठलीही डिस्क न दाखवता त्याला नाव द्यायचं. तो बंद करून मग पुढचा.”

घोलप मॅडम म्हणाल्या, “अहो, एकेक सर्व्हर सुरू व्हायलाच किती वेळ घेतो. संध्याकाळ होईल.”

“होईल.”

“वाळिंबेसर संध्याकाळी जातात,” बर्गे म्हणाले. वाळिंबे हे फिजिसिस्ट, ते नसले तर मशीन चालवता येत नाही. “म्हणजे आजचे पेशंट गेले. वर गावोगावची माणसं बसलीत, तांदळे. त्यांना मी काय सांगू? इंजिनियरला आपल्याच अक्षरावर भरवसा नाही म्हणून?”

“तसंच सांगा.”

ते जवळ आले. माणूस वाईट नव्हता. “तुमच्या घरचं माणूस वर बसलंय,” ते हळू म्हणाले. “मला वाटलं होतं, तुम्हीच सगळ्यात घाई कराल.”

“ती बसलीय म्हणूनच नाही करत.”

त्यांनी हात झटकला आणि फोन उचलला. आम्ही वायरी काढायला घेतल्या.

लॅबचा सर्व्हर आधी घेतला. जुनी मशीनं ती. चालू केलं की पंखे घुरघुरायचे आणि मग कितीतरी वेळ पडद्यावर काहीच हलायचं नाही. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. शेवटी कंट्रोलरवर एक नंबर उमटला. मी शेवटची चार अक्षरं यादीशी ताडून बघितली.

“कृष्णा?” बर्गेंनी विचारलं.

“कृष्णाच.”

मग औषधांचा. तेवढाच वेळ, तेच घुरघुरणं. मध्येच वरच्या काउंटरवरून फोन आला, लोक भांडायला लागलेत म्हणून. बर्गे वर जाऊन आले. आले तेव्हा कपाळ पुसत होते.

“हा?”

“जुळतोय. कोयना.”

“बघा! मी काय म्हणत होतो?”

सीटीचा जोडला. माझा डबा पिशवीत तसाच होता. घोलप मॅडमनी चहा मागवला, तो आला आणि गार झाला. मी मनात म्हणत होतो, नाही जुळला तर बरं. दिवसभर लोकांना बसवून ठेवलं, त्याचं काहीतरी कारण मिळेल. सीटीचाही जुळला. वारणा.

बर्गे आता ओरडले नाहीत. नुसते घड्याळ बघत उभे राहिले. ते मला जास्त जड गेलं.

तेवढ्यात इरफान खाली आला. “वाळिंबेसर विचारतायत, थांबू का निघू? आता सुरू झालं तर ते थांबतील. जेवढे होतील तेवढे घेऊ म्हणाले. नाहीतर उद्या.”

“थांबा म्हणावं,” बर्गे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “तांदळे, आता ऐका माझं. पाचातले तीन तुमच्या यादीप्रमाणे निघाले. राहिलेत दोन. येरळा आणि माण. नंबरही दोनच उरलेत. यादीत लिहिलंय कुठला कुणाचा. आता दोन्ही एकदम जोडा, नावं घाला, डिस्क दाखवा. निम्मा वेळ वाचेल. पेशंट आत जातील.”

घोलप मॅडम म्हणाल्या, “मला पण वाटतं सर, आता काय राहिलंय?”

मलाही तसंच वाटत होतं. बर्गे साहेब होते म्हणून नाही. त्यांचं म्हणणं पटत होतं म्हणून. वाळिंबे निघाले तर शैलजाचा खाडा होणार होता आणि तो माझ्यामुळे होणार होता. मी दोन्ही वायरी जोडल्या. कीबोर्ड ओढला. यादीत माणपुढे जो नंबर होता, त्या नंबरासाठी नाव टाइप केलं. एंटर दाबायचं राहिलं होतं. सर्व्हर अजून बंद होते. घोलप मॅडम बिलांच्या सर्व्हरच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

इरफान दारातच उभा होता. “मग थांबायला सांगू ना सर?”

“इरफान,” मी म्हणालो, “शांताबाईंच्या नंतर तुम्ही कधी कुणाला त्याचं नाव स्वतः सांगितलंय?”

त्याला आधी कळेना. मग कळलं. “नाही सर.”

“ओळखीचं माणूस असलं तरी?”

“ओळखीचं असलं तर जास्तच नाही.”

“दोनच पेशंट उरले असले तर? एक बाई आणि दुसरी बाई?”

त्यानं बर्गेंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “दोन उरल्या म्हणून काय झालं सर? चुकायला दोनच लागतात.”

मी टाइप केलेलं एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकलं. उठलो आणि रेडिएशनच्या सर्व्हरची वायर काढली.

“बिलांचा एकटा चालू करा,” मी म्हणालो.

बर्गे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मॅडमनी बटण दाबलं. पंखे सुरू झाले. मी पडद्यावरून नजर काढली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी काढली नाही. मग नंबर उमटला.

मी यादीवर बोट ठेवलं. मग पडद्यावर ठेवलं. परत यादीवर.

“येरळा?” घोलप मॅडमनी विचारलं.

“माण,” मी म्हणालो.

“काय माण?”

“बिलांच्या सर्व्हरमधून जो नंबर येतोय, तो यादीत रेडिएशनचा आहे.”

बर्गे येऊन माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. त्यांनी स्वतः एकेक अक्षर वाचलं, अर्धवट तोंडात.

“असं कसं होईल?”

घोलप मॅडम खोक्यावर बसल्या. “अगं बाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी. रेडिएशनचा सर्व्हर सारखा अडकत होता. तुमच्या कंपनीचे दुसरे साहेब आले होते. कार्ड खराब आहे का बघतो म्हणाले आणि त्याचं आणि बिलांच्या सर्व्हरचं कार्ड काढून अदलाबदल केली. मग चालायला लागला. म्हणाले, चालतंय ना, मग राहू दे असंच. तिकडं कंट्रोलरवर नावं बदलून गेले. मी त्यांना चहा दिला हो. डोक्यातून पार गेलं माझ्या.”

“मला कसं कळलं नाही?”

“तुम्ही रजेवर होता.”

बरोबर होतं. दिवाळीच्या आधी मी शैलजाला घेऊन मुंबईला होतो. गाठ तपासायला.

बर्गेंनी चष्मा काढून हातात घेतला. “आपण दोन्ही एकदम जोडले असते, तर काय झालं असतं?”

“रेडिएशनची डिस्क बिलांच्या सर्व्हरला दिसली असती. त्यानं विचारलं असतं, तयार करू का.”

“मी हो म्हटलं असतं,” घोलप मॅडम म्हणाल्या. “दिवसभर तो काही ना काही विचारतच असतो. मी वाचत पण नाही आता.”

इरफान पायऱ्या चढून पळत गेला, वाळिंबेसरांना अडवायला.

नावं घालताना मी नद्या घेतल्या नाहीत. कंट्रोलरवर नावाला जागाच नऊ अक्षरांची असते. मी सरळ लॅब, औषध, सीटी, बिल अशी इंग्रजी अक्षरांत घातली. रेडिएशनची इंग्रजीत बरोबर नऊ अक्षरं होतात. जेमतेम बसणार होतं, पण ते लगेच घातलं नाही. आधी बिलांचा बंद करून रेडिएशनचा सर्व्हर एकटा जोडला. त्याचा नंबर यायची वाट बघितली. आला तो यादीतल्या येरळाचाच. तोही वाचून घेतला, उरलाय म्हणून गृहीत धरला नाही. मग त्याला नाव दिलं आणि त्याच्या डिस्क दाखवल्या.

घोलप मॅडमनी पेशंटची नावं उघडली. नावं भराभर वर सरकत गेली, प्रत्येकापुढे लहानसा फोटो. त्यात मला शैलजा दिसली. फोटो काढताना तिनं शाळेत फोटोला उभी राहते तसा पदर नीट केला होता.

वर आलो तेव्हा व्हरांड्यात दिवे लावले होते. बरीच माणसं कंटाळून गेली होती, पण गावाला परत जाऊन पुन्हा येणं ज्यांना जमणार नव्हतं ती बसून होती. बर्गेसाहेब माझ्याबरोबर आले. सरळ शैलजापुढे गेले.

“मॅडम, तुम्ही आधी या आत.”

“का बरं?”

“का म्हणजे…” त्यांनी माझ्याकडे हात केला.

“मावशींचा नंबर माझ्या आधी आहे,” शैलजा म्हणाली. “आणि त्यांची येष्टी आहे. त्यांना घ्या.”

“गेली की माजी येष्टी कवाच,” हौसाबाई म्हणाल्या. “आता तुमच्याच दारात झोपायचं हाय. मालकास्नी सांगून ठेवा.” आणि लगबगीनं आत गेल्या.

मी शैलजाशेजारी बसलो. तिला सगळं सांगितलं. कार्डं, दिवाळी, दोन नंबर. तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे आता माझी माण नदी काढून टाकलीत?”

“काढली.”

“बरं केलंत. उन्हाळ्यात पाणी कुठं असतं तिला.” मग तिनं माझा हात हातात घेतला. चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं. “केवढा गार पडलाय,” ती म्हणाली आणि सोडला नाही.

दार उघडलं. इरफान बाहेर आला. आमच्याकडे बघून त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं.

“पुढचे या. तुमचं नाव सांगा.”

शैलजा उठली. वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या. मुलं हजेरी देतात तशी ताठ उभी राहिली.

“शैलजा मोहन तांदळे. माहेर पोळांचं, गाव दहिवडी. नवरा दिवसभर खाली वायरी मोजतोय.”

“नाव पुरे हो मॅडम.”

“पुरे कसं? दुसरी एखादी शैलजा तांदळे निघाली म्हणजे?”

ती आत गेली.

तिचं ते रेडिएशन पुरं झालं. ती परत शाळेत जायला लागली. मुलांची एक तुकडी तिनं चौथीतून वर घातली, मग दुसरी. त्यानंतर दुखणं परत आलं, हाडांत. शेवटचे दिवस आम्ही मुंबईत होतो, एका मोठ्या हॉस्पिटलात. एके दुपारी सिस्टरनं मला इंजेक्शन आणायला खाली पाठवलं. दुकानात गर्दी होती. परत वर आलो तर खाटेवरची गादी दुमडून ठेवली होती.

मला तळघरात जायला सांगितलं. खाली लांब खोली होती, एसी लावलेली. एकापलीकडे एक स्ट्रेचर होती, सगळ्यांवर सारख्याच पांढऱ्या चादरी. एक माणूस कागद घेऊन पुढे आला. त्याची वागणूक चांगली होती, हे मला सांगितलं पाहिजे. रोजचं काम होतं त्याचं. तो एका स्ट्रेचरपाशी थांबला.

“शैलजा तांदळेंचे मिस्टर ना तुम्ही? या शैलजा तांदळे ना? इथं सही करा.”

त्यानं पेन माझ्या हातात दिलं. माझी बोटं गार पडली होती. तो जे विचारेल त्याला मी हो म्हटलं असतं. मला वाटलं, त्याला ठाऊक असेल.

“थांबा,” मी म्हणालो. “चादर काढा.”

“साहेब, पायाला चिठ्ठी बांधलेली आहे. कशाला त्रास करून घेता?”

“चिठ्ठी राहू द्या. मला विचारा.”

“काय विचारू?”

“नाव.”

मग त्यानं कागद बगलेत धरला आणि दोन्ही हातांनी चादर खांद्यापर्यंत खाली घेतली. सावकाश घेतली.

“नाव सांगा, साहेब,” तो म्हणाला.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग ती उभी राहायची तसा उभा राहिलो आणि सांगितलं.

“शैलजा मोहन तांदळे. माहेर पोळांचं, गाव दहिवडी. नवरा इथंच आहे.”